बाटली फुटते तसा डोंगर फुटत नाही

२०२५ च्या मे महिन्यात स्वित्झर्लंडमधलं ब्लाटेन नावाचं गाव जवळजवळ अख्खं गाडलं गेलं. गावाच्या वर बिर्च नावाची हिमनदी, तिच्या डोक्यावर क्लाइनेस नेस्टहॉर्न नावाचं शिखर, आणि त्या शिखराचे दगड कित्येक दिवस सुटून सुटून हिमनदीवर पडत होते. शेवटी भार इतका झाला की २८ मेला हिमनदी दगडांसकट खाली आली. साधारण ३०० लोक राहत होते तिथे, त्यांना आधीच हलवलं होतं म्हणून निभावलं. मग बातम्या सुरू झाल्या की तापमान वाढतंय, डोंगरातला बर्फ वितळतोय, त्यामुळे कडे कोसळतायत वगैरे.

आता हे वाचून साधा माणूस गोंधळणारच, कारण शाळेत आपल्याला उलटं शिकवलंय. पाणी गोठलं की फुगतं आणि दगड फोडतं, असं भूगोलाच्या पुस्तकात होतं, सोबत भेगेत बर्फ भरलेलं एक चित्र पण होतं. मग दगड गोठल्याने फुटतो की वितळल्याने? थंडी वाईट की ऊब वाईट?

दोन्ही खरं आहे, पण त्यासाठी शाळेतली गोष्ट थोडी दुरुस्त करून घ्यावी लागते. ती चूक नाहीये, अर्धी आहे.

आधी शाळेतली अर्धी गोष्ट

बहुतेक पदार्थ गोठले की आकसतात. पाणी मात्र उलटं वागतं. ४ अंशांपर्यंत तेही शहाण्यासारखं आकसतं, त्याखाली हळूहळू पसरायला लागतं आणि गोठताना तर एकदम साधारण ९ टक्के फुगतं. कारण असं की द्रव पाण्याचे रेणू एकमेकांना खेटून कसेही हलत असतात, पण बर्फ होताना प्रत्येक रेणू आपल्या चार शेजाऱ्यांशी ठराविक अंतरावर, ठराविक कोनात बांधला जातो, आणि त्या षटकोनी रचनेत मधे मधे रिकाम्या जागा राहतात. तेवढेच रेणू, पण जागा जास्त. म्हणून बर्फ पाण्यावर तरंगतो आणि म्हणूनच काठोकाठ भरून, झाकण घट्ट लावून फ्रीजरमध्ये ठेवलेली काचेची बाटली फुटते.

आता या फुगण्याला अजिबात वाट दिली नाही तर किती जोर लागतो? दाब मोजायला मेगापास्कल हे एकक वापरतात, १ मेगापास्कल म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या साधारण दहापट. पूर्ण बंद, जराही न ताणणाऱ्या भांड्यात पाणी उणे २२ अंशांपर्यंत गार करत नेलं तर दाब सुमारे २०७ मेगापास्कलपर्यंत चढतो, म्हणजे हवेच्या दोन हजारपटीच्या वर. त्याच्या पुढे बर्फ आपली रचनाच बदलतो, मग दाब आणखी वाढत नाही.

'पण दगड केवढा कडक असतो!' हो, दाबायला. ग्रॅनाइट चिरडायला शंभर-दोनशे मेगापास्कल सहज लागतात. ओढून फाडायला मात्र त्याच्या दहाव्या भागाइतका किंवा त्याहून कमी जोर पुरतो, आणि वालुकाश्मासारख्या दगडांना आणखी कमी. भेगेत बसलेला बर्फ दगडाला दाबून चिरडत नाही, तो भेगेच्या दोन्ही भिंती बाहेर ढकलतो, म्हणजे दगड फाडतो. शिवाय भेग आधीच असेल तर सगळा ताण तिच्या टोकाशी गोळा होतो, त्यामुळे लागणारा जोर अजूनच कमी. २०७ कुठे आणि दहा-पंधरा कुठे, हिशोब संपला असं वाटतं.

मग अडचण काय आहे?

अडचण अशी की बाटलीला झाकण असतं, दगडाला नसतं.

दगडातली भेग बहुतेक वेळा एका बाजूने तरी उघडी असते. आत पाणी गोठून फुगायला लागलं की ते सरळ तोंडातून बाहेर सरकू शकतं. दुसरं, बाटली काठोकाठ भरलेली असायला लागते. पाणी ९ टक्के फुगतं म्हणजे ढोबळमानाने जागा ९१ टक्क्यांपेक्षा कमी भरलेली असेल तर फुगण्याचा त्रास कुणालाच नाही, उरलेल्या रिकाम्या जागेत ते मावतं. आणि निसर्गातला दगड इतका चिंब कधी असतो? पावसात भिजला, बर्फाच्या ढिगाखाली बसून राहिला, झऱ्याच्या वाटेत असला तर असेलही, पण उभ्या कड्यावरचा दगड बऱ्याच वेळा अर्धामुर्धाच ओला असतो. तरी तो फुटतो.

एक परिस्थिती आहे जिथे बाटलीची गोष्ट तंतोतंत लागू पडते. थंडी बाहेरून आत जाते, त्यामुळे भेगेचं तोंड आधी गोठतं आणि तिथे बर्फाचं बूच बसतं. मग आतलं पाणी खरंच कोंडलं जातं. दगड चिंब असेल, गारठा झपाट्याने आला असेल, तर असं होतं आणि दगड तडकतो. थंड देशांत घरातले पाण्याचे पाइप फुटतात तेही बरंचसं असंच, बर्फाचा गोळा आणि बंद नळ यांच्या मधे अडकलेल्या पाण्याचा दाब वाढतो आणि पाइप तिथे फाटतो, जिथे कदाचित बर्फ नसतोही. म्हणून कडाक्याच्या रात्री नळ थोडा टपकत ठेवतात.

पण अख्खेच्या अख्खे डोंगरउतार तुटक्या धारदार दगडांनी भरून जातात, ट्रेकर लोक ज्याला घसारा म्हणतात तसे शेकडो मीटरचे घसारे तयार होतात, ते फक्त अशा योगायोगावर चालत असेल हे पटायला जड जातं.

बेंझीनने घातलेला घोळ

स्टीफन टेबर नावाचे अमेरिकन भूशास्त्रज्ञ होते. त्यांना जमिनीच्या फुगण्यात रस होता, म्हणजे हिवाळ्यात थंड प्रदेशातली जमीन वर उचलली जाते, रस्ते वाकडेतिकडे होतात, ते. सगळे म्हणत की मातीतलं पाणी ९ टक्के फुगतं म्हणून. टेबरना ते पटत नव्हतं, कारण जमीन जेवढी उचलली जायची तेवढी त्या हिशोबात बसतच नव्हती. मातीतल्या सगळ्या पाण्याचे ९ टक्के धरले तरी उत्तर कमी यायचं.

मग त्यांनी १९२९-३० च्या सुमारास एक भारी प्रयोग केला. मातीत पाण्याऐवजी बेंझीन नावाचं एक द्रव रसायन घातलं. बेंझीन गोठताना फुगत नाही, आकसतं. म्हणजे फुगण्याचीच सगळी करामत असेल तर माती खाली बसायला हवी. ती वर उचलली गेली.

मला हा प्रयोग फार आवडतो, कारण एका झटक्यात कळतं की ९ टक्के फुगणं हा यातला मुख्य कलाकार नाहीच. पुढे हीलियम आणि आर्गॉनवर पण असेच प्रयोग झाले, तिथेही तोच प्रकार दिसला. पाण्याच्या विचित्र स्वभावाशी याचा संबंध नाही, गोठण्याच्याच प्रक्रियेत काहीतरी आहे.

टेबरच्या गोठलेल्या मातीत आडवे, स्वच्छ, काचेसारखे बर्फाचे थर दिसले. मातीच्या कणांमधलं पाणी जागच्या जागी गोठलेलं नव्हतं, ते प्रवास करून एका जागी जमा झालं होतं आणि थर जसा जाड होत गेला तशी वरची माती उचलली गेली. या थराला आइस लेन्स म्हणतात, मी पुढे नुसतं बर्फाचा थर म्हणेन.

गोठणारा बर्फ पाणी ओढतो म्हणजे काय?

ही लेखातली सगळ्यात अवघड जागा आहे, जरा सावकाश वाचा.

आपण मानतो की शून्य अंशाला पाणी गोठलं म्हणजे गोठलं, सगळंच्या सगळं. तसं होत नाही. बर्फ जिथे दगडाला टेकतो तिथे मधे पाण्याची अतिशय पातळ झिल्ली द्रवच राहते, शून्याच्या खाली कित्येक अंश गेलं तरी. किती पातळ, तर काही नॅनोमीटर, मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाला नॅनोमीटर म्हणतात. बर्फाच्या पृष्ठभागावर असा ओलसर थर असतो हे मायकेल फॅरेडे यांनी १८५० च्या सुमारासच सुचवलं होतं, तेव्हा लोकांनी फारसं मनावर घेतलं नव्हतं.

ही झिल्ली का टिकते? कारण रेणूंच्या पातळीवर बर्फ आणि दगड एकमेकांना अंतरावर ठेवतात, त्यांना मधे पाणी असणंच सोयीचं पडतं. आता थंडी वाढली की झिल्लीतलं थोडं पाणी बर्फाला जाऊन चिकटतं आणि झिल्ली जरुरीपेक्षा बारीक होते. ती पुन्हा आपल्या जाडीवर यायला बघते, त्यासाठी तिला पाणी हवं, आणि ते ती आजूबाजूच्या, अजून न गोठलेल्या, जरा कमी गार भागातून ओढून घेते. पाणी आलं, त्यातलं काही पुन्हा गोठलं, झिल्ली पुन्हा बारीक झाली, पुन्हा ओढलं. हे चक्र चालूच राहतं, जोवर कुठूनतरी पाणी मिळतंय तोवर. बर्फ जाड होत जातो आणि भेगेच्या भिंती ढकलत राहतो.

म्हणजे इथे झाकणाची गरज नाही, दगड काठोकाठ भरलेला असण्याचीही गरज नाही. भेग उघडी असली तरी चालते. बाटलीच्या भाषेत बोलायचं तर ही बाटली रिकामी असली तरी बाहेरून पाणी ओढून स्वतःला भरते आणि मग स्वतःच फुटते.

जोर किती? याचं गणित करता येतं आणि उत्तर सोपं येतं: शून्याच्या खाली दर एका अंशामागे जास्तीत जास्त सुमारे १.१ मेगापास्कल. उणे ५ ला साडेपाचच्या आसपास. ते २०७ आठवून हे फारच किरकोळ वाटेल. पण तो २०७ चा आकडा प्रयोगशाळेतल्या आदर्श भांड्याचा होता, तो दगडात कधी येतच नाही. हा पाच-सहाचा जोर मात्र खरोखर लागतो, आणि तो आठवडेच्या आठवडे, महिनेच्या महिने लागून राहतो. दगडाची भेग एकदम फाटण्याइतका ताण नसला तरी ती हळूहळू, केसाकेसाने पुढे सरकते. रोज थोडी. वाट बघायची तयारी असेल तर कमी जोरात काम होतं, आणि डोंगराला घाई नसते.

मातीचं ठीक आहे, दगडात हे कुणी पाहिलंय का?

रास्त शंका आहे. मातीचे कण सुटे असतात, त्यांना ढकलणं सोपं. दगडाचं काय?

१९८५ मध्ये जोसेफ वॉल्डर आणि बर्नार्ड हॅलेट यांनी गणिती मॉडेल मांडलं की दगडातल्या बारीक भेगासुद्धा अशाच ओढलेल्या पाण्याने वाढू शकतात. मग १९९१ मध्ये हॅलेट आणि सहकाऱ्यांनी वालुकाश्माचा तुकडा गारठवून त्याला सूक्ष्म आवाज टिपणारे सेन्सर लावले. दगडात बारीक तडा गेला की टक् असा क्षीण आवाज होतो, कानाला ऐकू न येणारा, तो सेन्सर पकडतो. फुगून फुटण्याचीच गोष्ट असती तर बहुतेक आवाज पाणी गोठतं त्या सुरुवातीच्या क्षणी यायला हवे होते. पण उणे ३ ते उणे ६ अंशांच्या दरम्यान दगड जास्त तडकताना सापडला, आणि तापमान तिथेच धरून ठेवलं तरी टक् टक् चालूच राहिली.

२००६ मध्ये ज्युलियन मर्टन आणि सहकाऱ्यांनी खडूसारख्या मऊ चुनखडीचे ठोकळे घेऊन त्यांना थंड प्रदेशातल्या जमिनीसारखं वागवलं, खालून गोठलेलं, वरून ऋतूप्रमाणे वितळणारं आणि पुन्हा गोठणारं. ठोकळे कापून बघितले तर आत बर्फाचे थर, आणि दगड त्या थरांच्या रेषेत फुटलेला. टेबरच्या मातीत दिसलं होतं तेच दगडात.

आणि खऱ्या डोंगरात? स्वित्झर्लंडच्या युंगफ्राऊयोख इथे, साडेतीन हजार मीटर उंचीवर, कड्यातच सेन्सर बसवून ठेवले गेले. तिथेही दगड दीर्घकाळ गोठलेला असताना आतून तडकण्याचे आवाज येत राहिले.

हे सगळं डोळ्यांनी बघायचं असेल तर कड्यापर्यंत जायची गरज नाही. थंड डोंगराळ भागात ओल्या मातीवर पहाटे बर्फाच्या सुया उभ्या राहिलेल्या दिसतात, दोन-चार सेंटीमीटर उंच, केसांच्या ब्रशसारख्या दाट. खाली वाकून बघितलं तर प्रत्येक झुबक्याच्या डोक्यावर मातीचे कण किंवा छोटासा खडा असतो. तो खडा सुयांनी रात्रभरात खालून उचललेला असतो. खालच्या मातीतलं पाणी वर ओढलं जातं, सुईच्या बुडाशी गोठतं आणि सुई बुडाकडून वाढते, त्यामुळे डोक्यावरचा माल वर जातो. ऊन आलं की सुया आडव्या होतात आणि खडा उतारावर थोडा पुढे पडतो. पुढच्या रात्री पुन्हा तेच.

म्हणजे जेवढी थंडी जास्त तेवढी फूट जास्त?

नाही, आणि इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो.

थंडी फार कमी असेल, उणे एक-दोन वगैरे, तर जोर पुरत नाही. थंडी फार जास्त असेल तर जोर भरपूर, पण झिल्ली इतकी बारीक होते आणि दगडातली छिद्रं बर्फाने इतकी बुजतात की पाणी हलूच शकत नाही. ओढणारा आहे, पण येणारं पाणी नाही. मधल्या पट्ट्यात दोन्ही जुळतं. हा पट्टा साधारणपणे उणे ३ ते उणे ८ अंश असा धरतात. वॉल्डर-हॅलेट यांच्या हिशोबात तो उणे ४ ते उणे १५ असा येत होता. दगड कुठला, त्यात भेगा केवढ्या, पाणी किती जवळ, यावर हा पट्टा सरकतो, त्यामुळे उणे ३ ते ८ हे काही दगडावरची रेघ समजू नका. पण 'एक पट्टा असतो' ही कल्पना महत्त्वाची आहे. सतत उणे ३० मध्ये राहणारा कोरडा कडा तुलनेने निवांत असतो, आणि महिनोन् महिने उणे पाचच्या आसपास घुटमळणारा, जवळ पाणी असलेला कडा जास्त झिजतो.

पाण्याचा मुद्दा लोक विसरतात. गारठा कितीही असला आणि पाणी नसलं तर काही होत नाही.

आणि रोज गोठतं-वितळतं, ते कुठे गेलं?

पूर्वी भूगोलात मोजणीच अशी होती: वर्षात किती वेळा तापमान शून्याच्या वर-खाली झालं, तेवढ्या वेळा दगडावर घाव पडला. मोजायला सोपं, म्हणून लोकप्रिय. पण दिवस-रात्रीचा फरक दगडात फार आत जात नाही, वरच्या काही दहा सेंटीमीटरमध्येच तो विरून जातो. त्याने ढलप्या उडतात, कपचे सुटतात. मोठ्या शिळा सुटायला थंडी मीटरच्या मीटर आत जाऊन तिथे टिकावी लागते, आणि ते काम हिवाळा करतो, एखादी रात्र नाही.

वितळण्याचं महत्त्व आहेच, पण दुसऱ्या कारणाने. वितळतं तेव्हा पाण्याचा नवा साठा भेगांमध्ये शिरतो, पुढच्या थंडीचा कच्चा माल. आणि बर्फाने सुटं करून ठेवलेलं जे काही असतं ते बर्फ गेला की निसटतं. उंच शिखरांवर चढणारे लोक मध्यरात्रीच का निघतात, तर ऊन कड्याला लागायच्या आत दगड पडण्याच्या वाटेतून बाहेर पडता यावं म्हणून. सकाळी ऊन लागलं की वरून गोट्या सुटायला सुरुवात होते. तो दगड सकाळी पडला, पण फुटला होता कधीतरी आधीच्या थंडीत. फुटणं आणि पडणं या दोन वेगळ्या घटना आहेत, त्यांच्यात दिवस, वर्षं, हजारो वर्षं पण जाऊ शकतात, आणि बातम्यांमधला सगळा गोंधळ हा फरक न केल्यामुळे होतो असं माझं मत.

कोसळलेल्या ढिगाजवळ गेलं तर हा फरक दिसतोसुद्धा. ताज्या तुटलेल्या दगडाच्या कडा हाताला लागतील इतक्या धारदार, पण त्याच दगडाची एखादी बाजू तांबूस, गंजल्यासारखी असते. ती बाजू म्हणजे जुनी भेग, पाणी कित्येक वर्षं तिच्यातून ये-जा करत होतं आणि दगडातल्या लोहाला गंज चढवत होतं. फिकी स्वच्छ बाजू म्हणजे शेवटी तुटलेला दगडी पूल, जो त्या शिळेला कड्याला धरून होता.

मग ऊब वाढल्यावर डोंगर का पडतात?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. बर्फ भेग रुंद करतो, पण जोवर तो भेगेत आहे तोवर तीच भेग चिकटवूनही ठेवतो. उंच पर्वतांत दगडाचा आतला भाग वर्षानुवर्षं शून्याच्या खाली असतो. सलग दोन वर्षं तरी गोठलेलीच राहणारी जमीन किंवा खडक, त्याला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. अशा कड्यातल्या भेगा बर्फाने भरलेल्या असतात, आणि कडा उभा असतो तो काही प्रमाणात त्या बर्फाच्या जिवावर.

आणि हा बर्फ वितळायचीही वाट बघावी लागत नाही. उणे पाचला जेवढा घट्ट असतो तेवढा तो उणे एकला राहत नाही. भेगांमधला बर्फ शून्याच्या जवळ येता येताच मऊ पडतो, सरकायला लागतो. बाहेरून सगळं गोठलेलंच दिसतं आणि आतली पकड गेलेली असते. त्यात वरून वितळलेलं पाणी भेगेत शिरलं की ते ऊब आत घेऊन जातं आणि भेगेत साचून आपला दाबही टाकतं.

२००३ चा युरोपातला उन्हाळा प्रचंड तापला होता. त्या जुलैत आल्प्समधल्या मॅटरहॉर्न शिखराच्या हॉर्न्ली कडेवरून मोठा दगडी भाग कोसळला, गिर्यारोहकांना हेलिकॉप्टरने उतरवावं लागलं. तुटलेल्या जागी मागे बर्फ उघडा पडलेला दिसत होता, म्हणजे शिळा ज्या भेगेवर तुटली ती बर्फाने भरलेली होती. नंतर त्याच कडेवर वैज्ञानिकांनी तापमान आणि भेगांची रुंदी मोजणारे सेन्सर बसवले, ते वर्षानुवर्षं माहिती पाठवतायत.

'पण काही कडे तर हिवाळ्यात पडतात, त्याचं काय?' दगडातून उष्णता फार संथ आत जाते. उन्हाळ्याची ऊब दहा मीटर खोल पोचायला जवळजवळ सहा महिने लागतात. बाहेर कडाक्याची थंडी असते तेव्हा आत खोलवर उन्हाळा पोचत असतो. त्यामुळे नुसता बाहेरचा ऋतू बघून निष्कर्ष काढता येत नाही.

७ फेब्रुवारी २०२१ ला उत्तराखंडच्या चमोलीत रोंती शिखराच्या उतारावरून सुमारे २.७ कोटी घनमीटर दगड आणि बर्फ सुटला. त्यात साधारण ८० टक्के दगड आणि २० टक्के बर्फ. जवळपास १,८०० मीटर खाली येता येता घर्षणाने बर्फाचं पाणी झालं आणि ऋषिगंगा, धौलीगंगेतून चिखलाचा लोंढा धावला. दोनशेपेक्षा जास्त माणसं मेली किंवा बेपत्ता झाली, दोन जलविद्युत प्रकल्प उद्ध्वस्त झाले. सुरुवातीला सगळीकडे 'हिमनदी फुटली' असंच चाललं होतं, उपग्रहाच्या चित्रांवरून कळलं की तुटला तो डोंगराचाच भाग होता.

इथे एक सावधगिरी. अशा एखाद्या घटनेवर बोट ठेवून 'ही तापमानवाढीनेच झाली' असं म्हणता येत नाही. कड्याचा उतार, दगडातल्या भेगांची दिशा, पायथ्याची हिमनदी मागे हटल्याने गेलेला आधार, भूकंप, सगळंच मिळून काम करतं. म्हणता येतं ते एवढंच की गोठलेल्या कड्यांचं तापमान वर सरकतंय आणि त्यामुळे असे कडे कमकुवत होतायत. आणि ऊब वाढली की गोठून फुटणं थांबेल, असंही नाही. तो उणे ३ ते उणे ८ चा पट्टा डोंगरावर वर सरकतो, जिथे आधी फार थंडीमुळे दगड निवांत होता तिथे जाऊन पोचतो.

जिथे बर्फच पडत नाही तिथे दगड कशाने फुटतो?

हे दुसरं प्रकरण आहे, थोडक्यात सांगतो. झाडांची मुळं, मिठाचे स्फटिक, पाण्याने दगडातली खनिजं कुजणं, आणि ऊन. ऊन हलक्यात घेऊ नका, २०१४ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातला ट्वेन हार्ट नावाचा ग्रॅनाइटचा घुमट भर उन्हाळ्यात, बर्फ-भूकंप काही नसताना, लोकांच्या डोळ्यांदेखत तडकला होता. हवा-पाणी-जीव यांनी दगड जागच्या जागी मोडण्याच्या या सगळ्याला मिळून विदारण म्हणतात, गोठणं हा त्यातला एक प्रकार.

मिठाचं गोठण्याशी जवळचं नातं आहे मात्र. भेगेतलं खारं पाणी वाळलं की मिठाचा स्फटिक वाढतो आणि बर्फासारखाच भिंती ढकलतो. इतका सारखा की एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये बांधकामाचा दगड थंडीत टिकेल का हे तपासायला तो सोडियम सल्फेटच्या द्रावणात बुडवून वाळवायचे, कारण तेव्हा हवं तेव्हा गारठवायची सोय नव्हती. त्या चाचणीची सुधारित रूपं आजही खडी तपासायला वापरतात.

काँक्रीटला वाचवायचं कसं?

काँक्रीट म्हणजे छिद्राछिद्रांचा दगडच, त्यालाही हे सगळं लागू. त्यावरचा उपाय फार हुशारीचा आहे: काँक्रीट कालवताना त्यात साबणासारखं एक रसायन घालून मुद्दाम हवेचे असंख्य बारीक बुडबुडे अडकवतात. १९३० च्या दशकात अमेरिकेत लक्षात आलं की असं काँक्रीट हिवाळे जास्त चांगले काढतं. एकूण हवा ५-६ टक्क्यांच्या आसपास असते, पण टक्केवारीपेक्षा महत्त्वाचं म्हणजे बुडबुडे एकमेकांच्या जवळ हवेत, साधारण मिलिमीटरच्या पाचव्या भागाइतक्या अंतरावर. मग कुठल्याही छिद्रातल्या पाण्याला गोठताना सरकायला शेजारीच रिकामी जागा मिळते, आणि बर्फ वाढायचाच असेल तर तो बुडबुड्यात वाढतो, काँक्रीटच्या अंगात नाही. बदल्यात काँक्रीटची ताकद थोडी कमी होते, ते चालवून घेतात.

थंड देशांत रस्त्यावरचा बर्फ घालवायला मीठ टाकतात त्याने मात्र हे काम पुन्हा अवघड होतं. मिठाने बर्फ वितळतो, ते खारं पाणी काँक्रीटमध्ये मुरतं, त्याला आणखी चिंब ठेवतं, आणि कडाका वाढला की पुन्हा गोठतं. त्यामुळे पुलांच्या आणि फुटपाथच्या वरच्या थराचे पापुद्रे निघतात, अगदी जिथे मीठ जास्त पडलंय तिथेच. म्हणून अशा ठिकाणी बुडबुडेवालं काँक्रीट घालूनही पाणी साचू नये असा उतार ठेवतात आणि पृष्ठभागावर पाणी शोषू न देणारा थर मारतात, कारण छिद्रं चिंबच झाली नाहीत तर मीठ असो वा कडाका, फोडायला पाणीच पुरत नाही.